मुलं, पैसा आणि स्क्रीन: आधी निर्णय, मग व्हिडिओ

मुलांना पैशाचे व्यवहार शिकवणारं साहित्य इंटरनेटवर इतकं आहे, की निवडतानाच दमछाक होते. कार्टून आहेत, प्रश्नमंजुषा आहेत, पॉकेटमनीचा हिशेब ठेवणारी ॲप आहेत, खोट्या पैशांचे शेअर बाजार आहेत, अख्खे अभ्यासक्रम आहेत आणि यातलं बरंचसं फुकट आहे. तरीही ‘बचत म्हणजे काय’ याची व्याख्या धडाधड सांगणारं मूल हातात पैसे पडले, की दोन दिवसांत ते उडवून मोकळं होतं. मग एवढं बघून त्याच्या पदरात पडलं काय?

पडले ते शब्द. तेही लागतातच, पण पैशाची समज यायला आणखी काहीतरी लागतं: स्वतःच्या ताब्यातली, संपणारी रक्कम आणि ‘हे घेऊ की ते’ असा खरा पेच. ऑनलाइन साधनं उपयोगी पडतात ती या पेचाच्या आगेमागे. बहुतेक घरांत मात्र क्रम उलटा असतो. व्हिडिओ आज आणि खरे पैसे ‘मोठा झालास की’.

लहान मुलाच्या डोक्यातला पैसा

आना एमिलिया बेर्ती आणि आना सिल्व्हिया बॉम्बी या इटलीतल्या दोन संशोधकांनी ३ ते ८ वर्षांच्या मुलांची पैशाबद्दलची समज कशी वाढत जाते ते तपासलं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातला क्रम आजही बघण्यासारखा आहे. अगदी लहान मुलांना वस्तूच्या बदल्यात काही द्यावं लागतं, याचाच पत्ता नसतो. पुढे ते कळतं, पण कुठल्याही नाण्यात काहीही येतं असं वाटत असतं. मग ‘एवढ्यात ते येणार नाही’ हे ध्यानात येतं. दुकानदार सुटे पैसे परत का देतो, हे कोडं सगळ्यात शेवटी सुटतं.

या पायऱ्या मुलं चढतात ती बघून बघून. नाणी मोजली जात होती, पाकीट हलकं होत होतं, तोवर बघायला काहीतरी होतं. फोन यंत्रासमोर धरला, ‘टिंग’ झालं आणि वस्तू हातात आली, यात मुलाला दिसणार काय? त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी कुठलं ॲप घ्यावं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर असतं, तुमच्याच बँकेचं. पैसे देण्याआधी खात्यातली शिल्लक दाखवा, दिल्यानंतर पुन्हा दाखवा. आकडा कमी झालेला त्याला स्वतःला वाचू द्या. या वयाच्या मुलाला ‘गुंतवणूक’ शिकवणारं रंगीबेरंगी ॲप म्हणजे पालकांची करमणूक.

‘पैशाच्या सवयी सातव्या वर्षापर्यंत पक्क्या होतात’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. कोर्स विकणाऱ्यांचं ते फार लाडकं. ते आलं २०१३ सालच्या एका अहवालातून. केंब्रिज विद्यापीठाचे डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांनी तो ब्रिटनच्या मनी ॲडव्हाइस सर्व्हिससाठी लिहिला होता. त्यातला भर बँक खातं किंवा व्याजदर कळण्यावर नव्हता. पुढचा विचार करणं, मनाला आवर घालणं, ठरवलेलं निभावणं अशा मुळातल्या सवयींबद्दल ते बोलत होते. म्हणजे मूल आठ वर्षांचं झालं म्हणून घाबरून कोर्स विकत घ्यायचं कारण नाही.

वाट बघण्याची गोष्ट निघाली, की मार्शमेलो या मऊ गोड खाऊचा प्रयोग येतोच. एक आत्ता खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, असं मुलाला सांगून खोलीत एकटं सोडायचं. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले हे प्रयोग ‘थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात’ या निष्कर्षासाठी गाजले. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांवर हेच पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक चुणूक हिशेबात धरली, तर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला.

पण पालकांनी लक्षात ठेवावा असा प्रयोग तिसराच आहे. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मार्शमेलो पुढे ठेवण्याआधी मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्या मुलांना ते दिलं. उरलेल्यांना ‘माफ कर, शिल्लक नाही’ म्हणून सांगितलं. मग नेहमीचा प्रयोग. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडलेला पाहिलेली ३ मिनिटं. प्रयोग छोटाच होता, २८ मुलांचा. पण त्या दुसऱ्या गटातली मुलं उतावळी नव्हती, व्यवहारी होती. समोरचा माणूस कबूल केलेलं देत नाही म्हटल्यावर हातातलं सोडायचं कशाला?

आता घरात काय चालतं ते बघा. पॉकेटमनी कधी एक तारखेला, कधी दहाला, कधी ‘या महिन्यात राहू दे’. मुलाच्या गल्ल्यातून ‘सुटे नाहीत, उद्या देते’ म्हणून काढलेले पैसे परत जात नाहीत. अशा घरात बचतीचे कितीही व्हिडिओ लावा, मूल शिकतं ते हेच, की साठवलेलं हातचं जातं. पॉकेटमनीच्या ॲपचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ठरलेल्या दिवशी रक्कम आपोआप जमा होते आणि मूल शिस्त शिको न शिको, पालकांना ती लागते. ॲप नको असेल, तर मोबाइलमधला साधा रिमाइंडर आणि एक वहीही चालते.

शिकवलेलं टिकतं किती?

२०१४ साली डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटमेयर यांनी अर्थसाक्षरतेवरचे दोनशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. माणसं पैशाच्या बाबतीत वेगवेगळी वागतात, त्या फरकातला अवघा ०.१ टक्का भाग शिकवणुकीने समजावता येत होता. अनेक तासांचा अभ्यासक्रम घेतला, तरी वीसेक महिन्यांनी त्याचा असर जवळपास पुसला जात होता. पुढे २०२२ मध्ये टिम कायझर, अनामारिया लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी ७६ नियंत्रित प्रयोग तपासले. त्यांना शिकवण्याचा परिणाम ज्ञानावर आणि वागण्यावरही होताना दिसला. तज्ज्ञांचा हा वाद मिटलेला नाही.

पण पहिल्या अभ्यासातली एक सूचना पालकांच्या थेट कामाची आहे: ज्या निर्णयासाठी शिकवायचं, तो निर्णय समोर उभा असतानाच शिकवा. कर्ज आणि व्याजाचा धडा सातवीत घेऊन तो पंचविसाव्या वर्षी आठवेल, ही आशा भाबडी आहे. मुलीला हेडफोन घ्यायचेत आणि ‘आत्ता घ्या, तीन हप्त्यांत फेडा’ असं बटण तिच्या समोर आहे, त्या संध्याकाळी हप्त्यांवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ बघितला, तर तिला तो ऐकायचाच असतो. इंटरनेटचं बळ यातच आहे. शाळेचं वेळापत्रक मुलाच्या गरजेची वाट बघू शकत नाही, सर्चचा चौकोन बघू शकतो.

आणखी एक. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ पासून १५ वर्षांच्या मुलांची अर्थसाक्षरताही तपासली जाते. २०२२ च्या फेरीत ओईसीडी देशांतली सरासरी १८ टक्के मुलं किमान पातळीच्या खाली राहिली. या चाचणीतले गुण गणित आणि वाचनाच्या गुणांशी घट्ट बांधलेले दिसतात. ज्याला टक्केवारीच अडते, त्याला ‘स्मार्ट मनी’चा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही, आधी टक्केवारी.

साहित्य कोणाच्या खर्चाने?

संकेतस्थळ उघडलं, की पहिला प्रश्न हा, की याचे पैसे कोण भरतंय? सरकारी संस्था आणि मध्यवर्ती बँका यांच्या साहित्याला विकायचं काही नसतं. अमेरिकेतल्या ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोचं वयानुसार लावलेलं साहित्य, सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे धडे, ऑस्ट्रेलियाच्या वित्तीय नियामकाचं ‘मनीस्मार्ट’, भारतीय रिझर्व्ह बँकेच्या चित्रकथा, हे सगळं मोफत आहे आणि त्यात जाहिरात नाही. थोडं कोरडं असतं, ते चालवून घ्यावं. विनानफा ‘खान अकॅडमी’ही वैयक्तिक अर्थव्यवहार मोफत शिकवते. किशोरवयीन मुलांसाठी ती चांगली. कर, विमा आणि निवृत्तीच्या सोयींचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे असे धडे आपल्या देशाच्या संस्थेचेच बघावेत. टक्केवारी आणि चक्रवाढ सगळीकडे सारखीच.

बँका आणि कार्ड कंपन्यांचं साहित्य दिसायला देखणं असतं. ते खोटं असतं असं नाही. त्यात काय *नसतं* ते बघायचं. खातं उघडा हे असतं, खात्यावरचे आकार आणि दंड यांबद्दल मोघम. कार्ड जपून वापरा हे असतं, कार्ड घेऊच नका असं कधीच नसतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर हाच खेळ खेळता येतो. एक व्हिडिओ लावा आणि ‘यांनी काय सांगायचं टाळलं?’ ते शोधायला सांगा. मुलांना दोष काढायला फार आवडतं.

कॅल्क्युलेटर: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी साधन

चक्रवाढ व्याज समजावणारी ॲनिमेशन असंख्य आहेत. त्यांपेक्षा साधा ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडा आणि आकडे मुलाला घालू द्या. आधी अंदाज करायला लावा, कागदावर लिहून घ्या, मगच बटण दाबू द्या. हा क्रम मोडू नका. चुकलेला अंदाज लक्षात राहतो.

मुद्दल १,०००, दर वर्षाला ८ टक्के. दहा वर्षांनी किती? बहुतेक मुलं १,८०० म्हणतात, कारण ८० गुणिले १०. उत्तर येतं २,१५९. वीस वर्षांनी ४,६६१. तीस वर्षांनी १०,०६३. चाळीस वर्षांनी २१,७२५. आता मुलाला वजाबाकी करू द्या. पहिल्या तीस वर्षांत मिळून ९,०६३ वाढले आणि शेवटच्या एकट्या दहा वर्षांत ११,६६२. व्याजावर व्याज चढतं हे वाक्य आपण शंभरदा सांगतो. ही वजाबाकी ते एकदाच सांगते.

बहुतेक पालक इथे थांबतात आणि कॅल्क्युलेटर बनवणारेही थांबतात. पण चाळीस वर्षांत भावही वाढणार. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज १,००० ला मिळणारी वस्तू तेव्हा ७,०४० ला पडेल. म्हणजे त्या २१,७२५ ची खरेदीची ताकद आजच्या साधारण ३,०८६ एवढी. एकवीसपट वाटलेली वाढ प्रत्यक्षात तिप्पट निघते. तिप्पटही चांगलीच आहे, पण गुंतवणुकीच्या जाहिरातीतला मोठा आकडा पुढच्या वेळी दिसला, की मूल ‘महागाई धरली का?’ असं विचारतं. ८ टक्के दर चाळीस वर्षं टिकेल असं कुणी लिहून देत नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावं.

मग तोच कॅल्क्युलेटर उलटा फिरवा. उधारी १,०००, महिन्याला ३ टक्के. ‘फक्त ३ टक्के’ हे ऐकायला किती गरीब वाटतं! काहीच फेडलं नाही, तर वर्षाने होतात १,४२६ आणि दोन वर्षांनी २,०३३, म्हणजे दुप्पट. ८ टक्क्यांच्या बचतीला दुप्पट व्हायला नऊ वर्षं लागतात. दर महिन्याचा आहे की वर्षाचा, हे बघायची सवय या एका तुलनेने लागते.

गेममधली रत्नं

मुलं पैशाबद्दल ऑनलाइन सगळ्यात जास्त शिकतात ते आपण लावून दिलेल्या धड्यांतून नव्हे, गेममधून. तिथे शिकवणारे अतिशय हुशार आहेत आणि त्यांचा हेतू वेगळा आहे.

गेममध्ये एक पोशाख १२० रत्नांना आहे. रत्नं मिळतात १०० च्या किंवा २५० च्या पुडक्यात. १२० चं पुडकं नाही, ते मुद्दामच ठेवलेलं नाही. १०० ची दोन पुडकी घेतली, तर ८० रत्नं उरतात. त्या ८० मध्ये काहीच येत नाही, पण ती ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून पुन्हा पुडकं घ्यावंसं वाटतं. शिवाय रत्नांत किंमत लिहिली, की खऱ्या पैशात किती पडले हे मूल विसरतं, मोठी माणसंही विसरतात. एकदा मुलाशेजारी बसून त्याच्या आवडत्या गेममधल्या एका वस्तूची किंमत खऱ्या पैशात काढा आणि त्याचा किती आठवड्यांचा पॉकेटमनी लागेल तेही. रागावू नका, मुलं गेमवर पैसे खर्च करोत बापडी, आकडा माहीत असला म्हणजे झालं.

दुसरं, नशिबाची पेटी. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते ठाऊक नाही. दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता १ टक्का लिहिलेली असली, तर मुलाला वाटतं शंभर पेट्या उघडल्या की मिळणारच. प्रत्येक पेटी स्वतंत्र असेल, तर शंभर पेट्या उघडूनही ती न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. तीनातला एक जण शंभर पेट्यांचे पैसे घालवून हात हलवत परत येतो. चीनने २०१७ पासून कंपन्यांना या शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे भरून उघडायच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं.

बटणांची मांडणीही निरागस नसते. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेपोटी दंड होता आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत करायचे होते, कारण बटणांच्या फसव्या रचनेमुळे एका चुकीच्या दाबाने खरेदी होऊन जायची. त्याआधी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं होतं. पालकाने एकदा पासवर्ड टाकला, की पुढची पंधरा मिनिटं मुलाला तो न विचारता कितीही खरेदी करता येत होती. आज प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय फोनमध्ये असते. तीच आधी चालू करा, उपदेश नंतर.

वाढत्या वयाची साधनं

खोट्या पैशांच्या शेअर बाजाराबद्दल मी फारसा उत्साही नाही. शेअर कसा विकत घेतात, भाव का हलतो, हे कळायला तो बरा. पण दहा आठवड्यांच्या स्पर्धेत पहिला येतो तो सगळी रक्कम एका डुगडुगत्या शेअरवर लावणारा. शहाणपणाने वाटून गुंतवणारा मधेच कुठेतरी राहतो. बक्षीस मिळतं ते नेमक्या नको त्या सवयीला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो ते इथे शब्दशः खरं आहे, कारण खोटा पैसा बुडाला तर पोटात गोळा येत नाही. सिम्युलेटर वापरायचाच, तर स्पर्धा सोडून वर्षभर वापरावा.

गुंतवणुकीचे सल्ले देणारे व्हिडिओ तेरा-चौदाव्या वर्षापासून मुलांच्या समोर येऊ लागतात, तुम्ही दाखवा न दाखवा. बंदी घालून भागत नाही. या माणसाची कमाई गुंतवणुकीतून होते की व्हिडिओतून? खाली दिलेल्या लिंकवरून खातं उघडलं तर याला काय मिळतं? बुडालेले पैसे हा कधी दाखवतो का? हे मुलाला स्वतः शोधू द्या.

फसवणुकीचा धडा मात्र नोकरीची वाट बघत थांबू नये. मोठ्या मुलांना ‘तुझं खातं दोन दिवस वापरू दे, कमिशन देतो’ अशी गळ सोशल मीडियावरून घातली जाते. चोरीचा पैसा फिरवायला अशी खाती लागतात आणि युरोपोलसारख्या पोलीस संस्था तरुणांना याबद्दल वारंवार सावध करत असतात. मुलाला वाटतं आपण काही चोरलं नाही. कायद्याच्या नजरेत मात्र खातं त्याच्या नावावर असतं. हे एवढं एक वाक्य खातं उघडण्याच्या दिवशीच सांगावं. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही, हे त्याच्याच जोडीला.

आणि ॲप उतरवून घेताना ते मुलाची काय माहिती मागतंय ते वाचा. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायला पालकांची संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हीच मर्यादा १८ वर्षांची आहे. पॉकेटमनीचा हिशेब ठेवायला मुलाचं ठिकाण आणि संपर्कयादी लागत नाही. ती मागणारं ॲप काढून टाका आणि दुसरं शोधा, तोवर वही आहेच.